३३–४

मंडळी, आजचा विषय बेसबॉल. लगेच विंडो बंद करू नका :) नियम माहीत नसले तरी चालतील. क्रिकेटपायी ज्याची कधीतरी रात्रीची झोप उडाली आहे, त्याला ही गोष्ट कळेलच.

वर लिहिलेला आकडा हा एका मॅचचा स्कोअर नाही. तो चार मॅचेसचा मिळून स्कोअर आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये जपानच्या अंतिम स्पर्धेत, म्हणजे जपान सीरिजमध्ये, चिबा लोत्ते मरीन्स या टीमनं हानशिन टायगर्सना सलग चार मॅचेसमध्ये हरवलं. स्कोअर होते १०–१, १०–०, १०–१ आणि ३–२. बेरीज करा. तेहेतीस विरुद्ध चार.

बेसबॉलमध्ये एका मॅचमध्ये चार-पाच रन्स म्हणजे अगदी सर्वसाधारण दिवस. चार मॅचेस मिळून चार रन्स म्हणजे काय, ते क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर असं: मालिकेतल्या पहिल्या तीन टेस्ट डावानं हरायच्या आणि चौथी एका विकेटनं. आणि चौथीत आपण जवळ आलो होतो याचंच जास्त दुःख व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, हरले तर हरले, दर वर्षी कुणीतरी हरतंच. खरं आहे. पण हा आकडा जपानमध्ये वीस वर्षांनंतरही जिवंत आहे. कुठल्याही खेळात एकतर्फी हार झाली, की कुणीतरी '३३–४' म्हणतोच. मग हानशिनचा चाहता वैतागून ओसाकाच्या बोलीत विचारतो, "इथं हानशिनचा काय संबंध?" हा प्रश्नसुद्धा आता त्याच विनोदाचा अर्धा भाग झालाय. एका टीमच्या लाखो चाहत्यांचा संताप शेवटी विनोदात कसा जमा झाला, आणि तसं होणं चांगलं की वाईट, हे मला बघायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. जपानमध्ये टीमच्या नावात शहरापेक्षा मालक कंपनीचं नाव असतं. हानशिन ही रेल्वे कंपनी. ओसाका आणि कोबे या दोन शहरांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन 'हान-शिन' झालं. १९२४ साली सुरू झालेलं कोशिएन स्टेडियम याच कंपनीचं, आणि १९३५ मध्ये टीम काढली तीही याच कंपनीनं. हिशोब सरळ होता. मॅच बघायला लोक येणार, आणि येणार ते आपल्याच गाडीनं.

समोर कोण, तर तोक्योचे योमिउरी जायंट्स. मालक एक प्रचंड खपाचं वर्तमानपत्र. जायंट्सनी १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं जपान सीरिज जिंकली. सरकार तोक्योत, मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं तोक्योत, आणि चषकही तोक्योत. एकेकाळी व्यापाराची राजधानी असलेल्या ओसाकाला हे किती झोंबत असेल याची कल्पना करा. येल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ विल्यम केली यांनी कोशिएनमध्ये बसून टायगर्सच्या दुनियेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ओसाकाचं हे 'दुसऱ्या नंबरचं शहर' असणं त्या प्रेमाच्या मुळाशी आहे, असं त्यांनी मांडलंय.

टायगर्स पहिल्यांदा जपान सीरिज जिंकले ते १९८५ मध्ये. रँडी बास नावाच्या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूनं त्या वर्षी ५४ होमरन मारले. १६ ऑक्टोबरला टीमनं लीग जिंकली आणि ओसाकातल्या दोतोनबोरी कालव्यावरच्या एबिसु पुलावर गर्दी जमली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या चाहत्यानं कालव्यात उडी मारायची, असा खेळ सुरू झाला. बासचं नाव आलं आणि पंचाईत झाली. त्या गर्दीत दाढीवाला गोरा कुठून आणणार? जवळच केंटकी फ्राइड चिकनचं दुकान होतं आणि दारात कर्नल सँडर्सचा पुतळा. लोकांनी तो उचलला आणि पाण्यात फेकला.

त्यानंतर टायगर्सचं जे काही झालं ते भयानकच. १९८७ ते २००१ या पंधरा वर्षांत टीम लीगमध्ये दहा वेळा शेवटची आली. लीगमध्ये टीम्स किती? सहा. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सहांपैकी सहावा नंबर, पंधरापैकी दहा वेळा. लोक म्हणायला लागले की हा कर्नलचा शाप आहे.

शाप ही कल्पना मजेशीर आहे खरी, पण ती कुणाच्या सोयीची आहे तेही बघा. रँडी बासच्या मुलाच्या मेंदूत गाठ निघाली आणि १९८८ मध्ये तो उपचारांसाठी त्याला घेऊन अमेरिकेला गेला. परत कधी यायचं आणि उपचारांचा खर्च कुणी द्यायचा यावरून वाद झाला, आणि क्लबनं त्याला सरळ काढून टाकलं. टीमचा सर्वांत मोठा बॅट्समन असा गेला. त्यात कर्नलसाहेबांचा हात कुठेच नव्हता. पण शाप म्हटलं की मॅनेजमेंटला कुणी जाब विचारत नाही. (आपल्या ऑफिसात 'सर्व्हरच तसा आहे' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.)

१९९९ ते २००१ नोमुरा कात्सुया मॅनेजर होते. आकडेवारी वापरून खेळणारा म्हणून यांचं मोठं नाव. तिन्ही वर्षं टीम शेवटची. मग होशिनो सेनइची आले आणि २००३ मध्ये टायगर्सनी अठरा वर्षांनी लीग जिंकली. त्या रात्री दोतोनबोरीत पाच हजारांहून जास्त लोकांनी उड्या मारल्या, आणि एक तरुण बुडून मेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ओसाकाच्या चाहत्यांचं कौतुक करणार आहे आणि ते कौतुक आंधळं असू नये. त्या वर्षीची जपान सीरिज टायगर्स ३–४ हरले. सातही मॅचेस यजमान टीमनंच जिंकल्या. वाईट वाटलं, पण लाज वाटावी असं काही नव्हतं.

आता २००५. मॅनेजर होते ओकादा अकिनोबु. ओसाकातच जन्मलेले आणि १९८५ च्या त्या टीममधले सेकंड बेसमन. म्हणजे घरचाच माणूस. टीम ८७ मॅचेस जिंकली. कानेमोतो तोमोआकीनं ४० होमरन मारले, इमाओका माकोतोनं १४७ रन्स घरी आणले. पण खरी ताकद होती शेवटच्या तीन इनिंग्जमध्ये. (बेसबॉलमध्ये नऊ इनिंग्ज असतात.) जेफ विल्यम्स, फुजिकावा क्युजी आणि कुबोता तोमोयुकी असे तीन ताज्या दमाचे पिचर सातव्या, आठव्या आणि नवव्या इनिंगला यायचे आणि दार बंद करायचे. लोकांनी त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं 'जेएफके'. फुजिकावा त्या एका सीझनमध्ये ८० मॅचेस खेळला. सहा इनिंग्जपर्यंत आघाडी घ्या, पुढचं आमच्यावर सोडा, अशी ती सिस्टिम होती.

सिस्टिममध्ये एक गृहीतक होतं, ते म्हणजे आघाडी. आघाडीच नसेल तर जगातली सर्वोत्तम जेएफके असून उपयोग काय?

२२ ऑक्टोबर, पहिली मॅच, चिबा. समुद्राकाठचं मैदान. सातव्या इनिंगमध्ये धुकं इतकं उतरलं की बॉल दिसेना. लोत्ते १०–१ नं पुढे होते. अंपायर्सनी थोडी वाट पाहिली आणि मॅच तिथेच संपवली. जपान सीरिजमध्ये धुक्यामुळे अर्ध्यात संपलेली ही पहिलीच मॅच. दुसऱ्या दिवशी वातानाबे शुन्सुकेनं जमिनीलगत हात नेऊन टाकलेले त्याचे ते विचित्र बॉल टायगर्सना शेवटपर्यंत कळलेच नाहीत. १०–०. लोत्तेच्या इमाए तोशिआकीनं या दोन मॅचेसमध्ये मिळून सलग आठ हिट मारले. आठपैकी आठ!

टायगर्सच्या चाहत्यांनी मनाची समजूत घातली: ठीक आहे, आता कोशिएनला या, आमच्या घरी. २५ ऑक्टोबरला लोत्ते आले. त्यांच्या फुकुउरा काझुयानं तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला, म्हणजे एका फटक्यात चार रन्स. परत १०–१. कोशिएनमध्ये तेव्हा सातव्या इनिंगला हजारो लोक एकदम लांबुळके फुगे सोडायचे आणि आकाश रंगीत व्हायचं. इतक्या देखण्या मैदानात इतकी वाईट हार. २६ तारखेला चौथी मॅच. कोरियाच्या ली सुंग-युपनं लोत्तेचे तिन्ही रन्स एकट्यानं आणून दिले. टायगर्सनी दोन केले. ३–२. खेळ खलास. सात मॅचेसच्या मालिकेचा निकाल पाच दिवसांत लागला.

मग सुरू झाला तो प्रत्येक मोठ्या पराभवानंतर होतो तो उद्योग, म्हणजे गुन्हेगार शोधणं.

पहिला संशयित, सुट्टी. टायगर्सचा सीझन ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात संपला होता. त्यांच्या सेंट्रल लीगमध्ये तेव्हा प्लेऑफ नव्हते. जो पहिला, तो थेट फायनलला. पॅसिफिक लीगमध्ये मात्र २००४ पासून प्लेऑफ सुरू झाले होते. लोत्ते नियमित सीझनमध्ये दुसरे होते. प्लेऑफमध्ये आधी सेइबू आणि मग पहिल्या नंबरच्या सॉफ्टबँकला पाच मॅचेसच्या झुंजीत हरवून ते आले, तेही जपान सीरिजच्या जेमतेम पाच दिवस आधी. एक टीम दोन आठवड्यांहून जास्त घरी बसलेली, दुसरी भट्टीतून नुकतीच बाहेर काढलेली. २००७ पासून दोन्ही लीग्जमध्ये प्लेऑफ सुरू झाले, त्यामुळे ही तफावत गेली.

हे कारण पटण्यासारखं आहे. पण पूर्ण नाही. २००३ मध्येही टायगर्स प्लेऑफशिवायच फायनलला गेले होते आणि सातव्या मॅचपर्यंत लढले होते. सुट्टीनं बॅट जड होते हे मान्य, पण दहा-दहा रन्स खायला सुट्टी सांगत नाही. आणि लोत्ते काही ऐऱ्यागैऱ्या टीम नव्हती. बॉबी व्हॅलेंटाईन नावाचा अमेरिकन मॅनेजर रोज वेगळी बॅटिंग ऑर्डर लावायचा. २००५ मध्ये दोन लीग्जमधल्या टीम्स पहिल्यांदाच नियमित सीझनमध्ये एकमेकींशी खेळल्या, आणि ती स्पर्धाही लोत्तेनंच जिंकली होती. म्हणजे इशारा मिळाला होता.

शिवाय लोत्तेच्या चाहत्यांची कहाणी ऐकली तर टायगर्सवाल्यांनीही गप्प बसावं. १९७४ नंतर जपान सीरिजचं तोंड नाही. १९९८ मध्ये सलग १८ मॅचेस हरले. मॅचसाठी बेंचवर तेव्हा २५ खेळाडू असायचे, म्हणून २६ नंबरचा शर्ट त्यांनी चाहत्यांसाठी राखून ठेवला. एका गावाच्या नामुष्कीच्या दिवशीच दुसऱ्या गावाची एकतीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली, हे हरणाऱ्याला त्या दिवशी दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नाही.

दुसरा संशयित जास्त मजेदार आहे, आणि आपल्यासारख्या शेअर बाजाराकडे एक डोळा ठेवणाऱ्यांना आवडेल असा. सीरिजच्या जेमतेम महिनाभर आधी जाहीर झालं, की मुराकामी योशिआकी यांच्या फंडानं हानशिन रेल्वेचे एक चतुर्थांशाहून जास्त शेअर्स गुपचूप घेतलेत. रेल्वेकडे जमिनी होत्या, डिपार्टमेंट स्टोअर होतं, आणि टायगर्स होते. मुराकामींनी सुचवलं, की टीमच शेअर बाजारात आणा, म्हणजे चाहत्यांनाही मालक होता येईल. चाहते खवळले. आमच्या वाघांचा भाव रोज पडद्यावर वर-खाली होणार? लीग जिंकल्याच्या आनंदात हा खडा पडला होता, आणि सीरिज हरल्यावर त्याच्याकडेही बोट गेलंच.

पुढे २००६ च्या जूनमध्ये मुराकामींना दुसऱ्याच एका कंपनीच्या शेअर्समधल्या इनसायडर ट्रेडिंगसाठी अटक झाली. त्याच वर्षी हानशिन रेल्वे तिच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, हानक्यू रेल्वेच्या ताब्यात गेली. म्हणजे ज्या चाहत्यांनी 'टीम आमची आहे' म्हणून आरडाओरडा केला, त्यांना मालक बदलताना कुणी विचारलंही नाही. मला या प्रकरणातली खरी गोम इथे दिसते. पराभव पूर्णपणे चाहत्याच्या मालकीचा असतो. टीम मात्र त्याची नसते. ३३–४ चा एकही शेअर रेल्वे कंपनीनं घेतला नाही, तो सगळा ओसाकातल्या टॅक्सीवाल्यांनी, दुकानदारांनी, नोकरदारांनी वाटून घेतला.

मग या रागाचं करायचं काय?

आपल्याकडची दोन उत्तरं आपल्याला माहीत आहेत. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल. भारत ८ बाद १२०. लोकांनी स्टँडमध्ये आगी लावल्या, बाटल्या फेकल्या, आणि मॅच श्रीलंकेला बहाल झाली. आपला विनोद कांबळी रडत रडत पॅव्हेलियनकडे चाललाय हे चित्र कुठला मराठी माणूस विसरलाय? दुसरं, १७ मार्च २००७. बांगलादेशनं भारताला हरवलं आणि रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. राग खरा होता, पण तो घराच्या विटांवर निघाला. निवड समितीला, बोर्डाला, वेळापत्रकाला त्याची झळ किती लागली?

ओसाकानं वेगळा मार्ग घेतला. संत होते म्हणून नव्हे. पुलावरची ती रात्र मी वर सांगितलीच आहे. पण ओसाका हे विनोदाचं गाव. दोन माणसांनी उभं राहून एकमेकांची खेचायची 'मानझाई' नावाची कला तिथली रोजची भाकरी आहे. एक जण वेड्यासारखं बोलतो, दुसरा त्याला टपली मारतो. '३३–४' आणि 'इथं हानशिनचा काय संबंध?' हे नेमकं त्याच साच्यातलं आहे. बाहेरच्यानं टोमणा मारायचा आणि टायगर्सवाल्यानं वैतागल्याचा अभिनय करायचा. टोमणा दुसऱ्यांचा असला तरी हशा मिळवणारं वाक्य यांचं आहे. लाज अशी वाटून घेतली की ती एकट्याला उचलावी लागत नाही.

याची एक काळी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जो चाहता कितीही हरलं तरी हसतो आणि तिकीट काढतो, त्याच्यासाठी सुधारायची मालकाला घाई कशाला? १९८७ नंतरची ती पंधरा वर्षं याचाच पुरावा वाटतात मला. कस्टमर सोडून जाणारच नाही हे माहीत असलं की बग किती वर्षं उघडे पडून राहतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. थोडक्यात काय, तर विनोदानं दुःख हलकं होतं आणि त्याबरोबर मालकावरचा दाबही हलका होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि नशीबही पुढे काही कमी खोडकर नव्हतं. २००८ मध्ये ओकादांच्या टायगर्सनी जायंट्सवरची १३ मॅचेसची आघाडी गमावली. ओकादांनी राजीनामा दिला. २००९ मध्ये दोतोनबोरीत काम चालू असताना कर्नलचा पुतळा चिखलातून वर आला, चष्मा आणि डावा हात सोडून. शाप सुटला म्हणावं, तर २०१४ च्या जपान सीरिजमध्ये टायगर्स परत १–४ हरले. शेवटच्या मॅचमध्ये बेस भरलेले, ०–१ नं पिछाडीवर, आणि फर्स्ट बेसकडे धावणाऱ्या आपल्याच खेळाडूला कॅचरचा थ्रो लागला. अंपायरनं अडथळा आणल्याबद्दल बाद दिलं. सीरिज संपली. तो खेळाडू होता निशिओका त्सुयोशी, २००५ मध्ये लोत्तेकडून टायगर्सना धुणाऱ्यांपैकी एक. असं एखाद्या सिनेमात दाखवलं तर आपण लेखकाला हसू. २०२० मध्ये सॉफ्टबँकनं चक्क जायंट्सना चार मॅचेसमध्ये मिळून २६–४ असं चिरडलं, आणि तरीही लोकांना आधी आठवलं ते ३३–४ च!

२०२३ मध्ये ओकादा परत मॅनेजर झाले. वय ६५. खेळाडूंवर दडपण नको म्हणून ते 'विजेतेपद' हा शब्दच उच्चारायचे नाहीत. म्हणायचे 'आरे', जपानीत 'ते'. (मराठी कानाला उगाचच 'अरे!' ऐकू येतं.) ५ नोव्हेंबरला ओसाकाच्याच ओरिक्सला सातव्या मॅचमध्ये ७–१ नं हरवून टायगर्स जिंकले. अडतीस वर्षांनी. 'आरे' हा त्या वर्षीचा जपानचा सर्वांत गाजलेला शब्द ठरला. रँडी बासचीही जपानच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याच वर्षी निवड झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ नोव्हेंबरला, सलग दहा मॅचेस जिंकलेला भारत अहमदाबादमध्ये फायनल हरला. त्या संध्याकाळी आपल्याला कुणी '३३–४' ची गोष्ट सांगितली असती तर कितपत दिलासा मिळाला असता कोण जाणे.

कर्नलचं पुढे काय झालं? मार्च २०२४ मध्ये केंटकीच्या जपानी कंपनीनं जाहीर केलं, की पुतळा फारच जीर्ण झाल्यानं मीठ आणि साके वाहून, विधिवत निरोप देऊन त्याची विल्हेवाट लावली. टीम आधी जिंकली, मग कर्नल मोकळे झाले. २०२५ मध्ये टायगर्सनी परत लीग जिंकली. मॅनेजर होता जेएफकेमधला 'एफ', फुजिकावा. जपान सीरिजमध्ये? सॉफ्टबँककडून १–४. चालायचंच.

मला विचाराल तर ३३–४ चा धडा 'संयम ठेवा, एक दिवस जिंकाल' असा नाही. अडतीस वर्षांत कितीतरी चाहते दुसरं विजेतेपद न बघताच गेले असतील. धडा असलाच तर एवढाच, की हरल्यावर राग आलाच पाहिजे, पण तो मारायचा कुणावर याचा पत्ता नीट तपासावा. खेळाडूचं घर हा चुकीचा पत्ता. पुतळाही चुकीचा. प्लेऑफशिवाय दोन आठवडे टीमला बसवून ठेवणारं वेळापत्रक, मुलगा आजारी असताना खेळाडूला काढून टाकणारा क्लब, विचारल्याशिवाय बदलणारे मालक, हे बरोबर पत्ते. तिथे पत्र टाकून झालं की मग उरलेल्या रागाचा खुशाल विनोद करावा.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू, आणि बेसबॉल नसेल याची हमी :)